तुरळक ठिकाणी

अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ असे दोन शब्द होते आणि ते मी गिळले. चष्मा घरी राहिला नव्हता, लाईट गेली नव्हती. मोबाईलवर जिल्ह्याचा हवामान अंदाज स्वच्छ उघडा होता: तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. मी मंदिरातल्या माईकसमोर उभा होतो. बाहेर गावभर हळद वाळत पडली होती. आणि मी भोंग्यावरून सांगितलं, “आपल्याकडं काही नाही. हळद राहू द्या.”

मी पालमच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. सकाळी एस.टी.नं जातो, संध्याकाळी गावात परत येतो. काही वर्षांपूर्वी मी एक काम आपणहून अंगावर घेतलं. संध्याकाळची आरती झाली की मंदिराच्या भोंग्यावरून हवामानाचा अंदाज वाचायचा आणि त्याचा अर्थ सांगायचा. लोकांच्या मोबाईलवर रोज कुणीतरी छातीठोक तारखा पाठवत होतं. अमुक दिवशी मुसळधार, तमुक दिवशी गारा. त्यातली एखादी खरी ठरली की तिचं कौतुक होई, बाकीच्या सगळे विसरून जात. याची मला चीड होती. अंदाज कसा तयार होतो हे लोकांना कळलं तर ते असल्या तारखांना फसणार नाहीत, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं. गुरवकाकांनी एकच अट घातली होती, “भाषण करू नगा सर. लोकांच्या भाकरी तव्यावर असतेत.”

पहिल्या उन्हाळ्यात मी लाह्यांचं उदाहरण दिलं. तापलेल्या कढईत ज्वारी टाकली की लाह्या फुटणार, हे कुणीही सांगेल. पण कोणता दाणा फुटेल आणि कोणता तसाच करपून राहील, हे लाह्या फोडण्यात जन्म गेलेली बाईही सांगू शकत नाही. उन्हाळ्यातला वळवाचा ढग तसाच असतो. जमीन तापलेली असते. समुद्राकडून थोडी ओली हवा येते, ती तापून वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि ढग उभा राहतो. हवा किती ओली आहे, वर किती थंड आहे, वारा कुठून येतो, हे मोजता येतं. म्हणजे कढई तापली आहे आणि तिच्यात ज्वारी आहे, एवढं शास्त्राला आदल्या दिवशी कळतं. जिल्हा ही कढई, आपलं गाव हा तिच्यातला एक दाणा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडेच दाणे फुटणार. कोणते, ते विचारू नका.

पावसाळ्याच्या आधी येणारा हंगामाचा अंदाज आणखी वेगळा. तो चार महिन्यांचा आणि फार मोठ्या प्रदेशाचा असतो. लग्नात साधारण किती पंगती उठतील हे आचारी सांगू शकतो. तुमच्या ताटात जिलेबी कधी पडेल हे तो सांगत नाही, आणि नाही पडली म्हणून स्वयंपाक खोटा ठरत नाही. हा अंदाज बांधताना दूरच्या समुद्रांकडेही पाहावं लागतं. प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं तर आपल्याकडचा पाऊस बरेचदा उणा पडतो. बरेचदा, दर वेळी नाही. हे सांगून मी मंदिराच्या पायऱ्या उतरलो तर खाली माझी आक्का उभी होती.

“तिकडं कुण्या समुद्राचं पाणी तापलंय अन् तू हितं आमची डोकी तापवायलास,” ती म्हणाली.

आक्का माझी मोठी बहीण, गावातच दिलेली. दाजी पूर्णेला रेल्वेत आहेत. ड्युटी सुटेल तेव्हा येतात, त्यामुळं शेत आक्काच बघते. माझी थट्टा सगळ्यात जास्त तीच करायची आणि भोंगा लागला की अंगणात येऊन सगळ्यात आधी तीच ऐकायची.

गावानं माझं नाव ‘शक्यता सर’ ठेवलं. हॉटेलात शिरलो की कुणीतरी विचारी, “काय शक्यता सर, आज तुमच्याकडून चहाची शक्यता हाय का?” आणि दुसरा कोपऱ्यातून ओरडे, “हाय की, तुरळक ठिकाणी!” सगळे हसत. मीही हसायचो. पण रोज थोडं खुपायचं.

मग एका जूनमध्ये पेरण्या खोळंबल्या. लोक रोज आभाळाकडं बघत आणि मग माझ्याकडं. आरतीनंतर दहाबारा जणांनी मला पायरीवरच अडवलं. “सर, ते शक्यता-बिक्यता ऱ्हाऊ द्या. पडणार का न्हाई? एका शब्दात सांगा.” अंदाजात पुढच्या आठवड्यात जोर वाढण्याची शक्यता लिहिली होती. मी म्हणालो, “सोमवारी पडणार.”

सोमवार कुठून आणला? कुठूनच नाही. तोंडात आला. आणि सोमवारी पाऊस पडला.

गावानं मला मंदिरासमोर बसवून टॉवेल-टोपी केली, नारळ दिला. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की हे नशिबानं जुळलं, यात शास्त्र काही नाही. पण टोपी डोक्यावर चांगली बसली होती. त्या दिवसापासून मला कुणी शक्यता सर म्हणेना. ज्यांच्या छातीठोक तारखांची मला चीड होती त्यांच्यात मी जाऊन बसलो होतो, आणि जागा मऊ होती.

त्यानंतरच्या मार्चमध्ये ती हळदीची संध्याकाळ आली. शिजवलेली हळद उघड्यावर उन्हात वाळवावी लागते, त्यात आठवडे जातात. ओली असताना ताडपत्रीखाली कोंडली तर ती आतून घामेजते, रंग उतरतो. उघडी ठेवली आणि पाऊस झाला तर बुरशी. त्यामुळं झाकायची की नाही हा प्रश्न सोपा नसतो, दोन्हीकडं नुकसान असतं. अशा वेळी लोकांना ‘शक्यता’ ऐकवत नाही. त्यांना हो किंवा नाही पाहिजे असतं.

आक्का पायरीशी आली. “आजच शिजवून टाकलीय, अजून गरम हाय. झाकू का नको, एवढंच सांग.”

मी मोबाईल पाहिला. पाऊस येईलही, येणारही नाही, असं म्हणालो असतो तर कोपऱ्यातून पुन्हा ‘शक्यता सर’ ऐकू आलं असतं. मी माईकपाशी गेलो आणि ते दोन शब्द गिळले.

दुसऱ्या दिवशी पालमला लख्ख ऊन होतं. परतताना एस.टी. गावाअलीकडच्या ओढ्यापर्यंत धूळ उडवत आली. ओढा ओलांडला आणि समोरच्या काचेवर पाणी दिसलं. गल्लीत उतरलो तर नालीतून पिवळं पाणी वाहत होतं. आक्का अंगणात वाकून घमेल्यानं हळकुंडं उपसत होती. शेजारच्या बायका मदतीला आल्या होत्या. मला पाहून ती उभी राहिली, हात कोपरापर्यंत पिवळे.

“काय रे, न्हाई म्हनलास की.”

सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणालो, “वरूनच चुकीचा अंदाज आला, आक्का. त्या लोकांचं काही खरं नसतं.”

जिल्ह्यातल्याच पोखर्णीला त्या दिवशी थेंब पडला नव्हता. पूर्णेला दाजींनी आभाळही भरलेलं पाहिलं नव्हतं. आमच्यावर आणि ओढ्याकाठच्या दोनतीन गावांवर तेवढा तो ढग रिता झाला. म्हणजे अंदाज अक्षरन् अक्षर खरा ठरला होता. तुरळक ठिकाणी म्हणजे आम्ही होतो.

कुणीच मला बोल लावला नाही, हे सगळ्यात वाईट झालं. “सरांची काय चूक? जे आलं ते वाचलं त्यांनी.” आक्काची हळद काळपट पडली. वर्षभराची मेहनत तिनं पडेल त्या भावात दिली आणि तरी ती माझ्याच बाजूनं भांडत राहिली. कुणी हवामानाचं नाव काढलं की ती म्हणे, “माझ्या भावाला गावात खोटं पाडलं मुडद्यांनी!” मोबाईलवर येणारे हवामानाचे संदेश तिनं पोरीला सांगून बंद करून घेतले. मी भोंग्यावरचं वाचन सोडलं. शाळेत फार काम असतं, असं सांगितलं. एका पावसानं अंदाजाची जेवढी बदनामी झाली नसती तेवढी मी एका वाक्यानं केली होती. इतकी वर्षं लाह्या आणि पंगती सांगून जे थोडं जमवलं होतं, ते माझ्याच तोंडानं उधळलं.

पुढचा मार्च आला. पुन्हा गावभर हळद, पुन्हा मोबाईलवर तेच वाक्य. तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह. मी शाळेतून आलो तो थेट आक्काच्या अंगणात. तिची हळद वाळत आली होती, हातात घेतली की खुळखुळत होती. मागच्या वर्षीचा तोटा भरून काढायची सगळी आशा तिनं त्या ढिगावर लावली होती.

“आक्का, उद्यासाठी झाकून घे. अंदाज आहे.”

“कुनाचा? त्यांचाच ना?” ती खाली बघूनच बोलली. “तूच म्हनलास, त्यांचं काय खरं नसतंय म्हून. आता कशाला आलास पुन्हा?”

“मागच्या वर्षी खरा होता.”

“आँ?”

मी सांगितलं. पाऊस लिहिलेला होता, मी वाचला होता, आणि लोक हसतील म्हणून बोललो नव्हतो. ती हातातलं हळकुंड तसंच धरून बसली.

“म्हंजी वरीसभर मी त्यांला शिव्या घातल्या, त्या तुझ्या होत्या म्हन की.”

“हो.”

“लय चांगल्या चांगल्या शिव्या वाया गेल्या रे माझ्या.” ती हसली नाही. डोळे पुसताना गालाला हळद लागली. मी खाली बसून माफीचं काहीतरी पुटपुटायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं. “माझ्यापाशी काय रडायलास? भोंग्यावर बोलला होतास ना? समद्या गावाची हळद बाहेर हाय. भोंग्यावर जा.”

मी मंदिरात गेलो. आरती संपत आली होती. गुरवकाकांना सांगितलं तर ते घाबरले. शेजारी ज्यांनी मला टॉवेल-टोपी केली होती ते गृहस्थ बसलेले होते. त्यांनी समजुतीनं सांगितलं, “सर, जुनं कशाला उकरायलाव? इज्जतीचा पंचनामा करून काय मिळनार? उद्या पडणारच, झाका, एवढंच म्हना. तुमचं नाव हाय, लोक झाकतील.”

मोह पडावा असंच ते होतं. हळद वाचली असती आणि माझी टोपीही.

“पडणारच असं मी म्हणणार नाही,” मी म्हणालो.

“मग कोन ऐकल?”

“ऐकायचं त्यानं ऐकावं. मला माहीत नाही ते माहीत आहे असं पुन्हा सांगणार नाही.”

“अन् न्हाई पडला तर? पुन्हा शक्यता सर म्हनतील तुमाला.”

“म्हणू द्या. तेच माझं खरं नाव आहे.”

गुरवकाकांनी माईक चालू करून माझ्या हातात दिला. भोंगा खरखरला. समोरच्या गल्लीत आक्का पदर खोचून अंगणाच्या दारात येऊन उभी राहिलेली दिसत होती. मी जे बोललो ते जवळपास असं होतं.

“मागच्या वर्षी हळदीच्या दिवसांत मी इथून सांगितलं की आपल्याकडं पाऊस नाही. अंदाजात पाऊस होता. तुरळक ठिकाणी, असं लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि तुमच्यापासून लपवलं, कारण मला ठाम बोलणारा माणूस म्हणून मिरवायचं होतं. नंतर अंदाजच चुकीचा आला असं म्हणालो, तेही खोटं होतं. त्याआधीचा तो सोमवारही मी मनानं सांगितला होता, तो फक्त जुळला. आता उद्यासाठी पुन्हा तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे. आपल्या गावात पडेल का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणेल त्याचं ऐकू नका, मग तो मी असलो तरी. ज्यांची हळद वाळत आली आहे त्यांनी झाकून घ्यावी, तिला झाकून फार तोटा नाही. ज्यांची ओली आहे त्यांनी ताडपत्री कडेला तयार ठेवावी आणि दुपारनंतर ढगावर नजर ठेवावी. उद्या नाही पडला तर खुशाल हसा. त्याची माफी मी मागणार नाही, उद्याही नाही आणि पुढंही नाही. पण मागच्या वर्षीची मागतो. ज्यांची ज्यांची भिजली, त्या सगळ्यांची. आणि आक्का, तुझी हळद पावसानं नाही, माझ्यामुळं गेली. तू माझ्यासाठी भांडत होतीस तेव्हा मी गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर.”