‘हालून राहिलंय’ आणि मॉनिटरची वॉरंटी

पंखा बंद केला. स्टॅबिलायझर टेबलावरून उचलून दाराशी नेऊन ठेवला. तरी पडद्यावरची अक्षरं पाण्यात पडल्यासारखी डुलतच होती.

“पाहिलं भैया?” फरजाना मॅडम म्हणाल्या. “अशा स्क्रीनपुढं कोण आपली पोरगी बसवंल?”

लातुरात कोचिंग क्लासेसचा जोर चढत होता, तेव्हाची ही गोष्ट. गल्लोगल्ली फिजिक्स-केमिस्ट्रीचे बोर्ड लागले होते. तशाच एका गल्लीत मॅडमनी फक्त मुलींसाठी कॉम्प्युटर क्लास काढला होता. मशीन एकच. मी नांदेडच्या एका डीलरकडे सर्व्हिस इंजिनिअर होतो. मॉनिटर आमच्याकडचाच, पण वॉरंटी नुकतीच संपलेली. म्हणून माझी ही चार्जेबल व्हिजिट होती, म्हणजे जाण्यायेण्यापासून पार्टपर्यंत सगळा खर्च ग्राहकाचा.

दारात व्यंकटराव उभे होते. किल्लारीकडचे शेतकरी. भूकंपात त्यांचं घर गेलं होतं. मुलगी सुनीता हिला क्लासला सोडायला आले आणि त्यांनी तो पडदा पाहिला. मग त्यांनी हात लांब करून टेबलावर पाण्याचा भरलेला गिलास ठेवला, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. तेव्हापासून त्यांच्या घरी भूकंपाची अशीच तपासणी व्हायची. पाणी हाललं की बाहेर पळायचं.

“पाणी न्हाई हालत,” ते म्हणाले. “मग हे का हालून राहिलंय?”

“काका, आधी तो गिलास उचला. मॉनिटरच्या आत करंट आहे.”

“उचलतो. पण पोरगी उद्यापासनं न्हाई यायची. अन् मी न्हाई म्हणलं की गावातल्या समद्याच पोरी न्हाई यायच्या.”

मॅडमचा चेहरा उतरला. क्लासातल्या बहुतेक मुली व्यंकटरावांच्याच गावच्या होत्या. त्या गेल्या की क्लास बंद.

जुन्या, मोठ्या पोटाच्या मॉनिटरचं चित्र बहुधा दोन कारणांनी डुलतं. एक, शेजारी स्टॅबिलायझर किंवा स्पीकर असतो आणि त्याचं चुंबक चित्राला ओढतं. ते मी तपासलं होतं. दुसरं, आतला फिल्टर कपॅसिटर बिघडतो. वीज सपाट करून पुढं पाठवणं हे त्याचं काम. ते त्याला जमेनासं झालं की विजेतली लाट थेट चित्रात उतरते. मी प्लग काढून मागचं कव्हर उघडलं. कपॅसिटर पुरीसारखा फुगला होता.

“पार्ट बदलावा लागेल, मॅडम. चार्ज पडेल.”

“का म्हणून? वॉरंटीत असतानाच मी तुमच्या सरांना फोन केला होता. नंतर पण केले, तर दर वेळी ‘माणूस पाठवतो’!”

मॅडमचं खरं असेल तर मुद्दा बिनतोड होता. वॉरंटी संपली की नव्या बिघाडाची फुकट दुरुस्ती संपते. पण दोष वॉरंटीत असताना कळवला आणि दुरुस्त झाला नाही, तर ती तक्रार जिवंत राहते. ग्राहक मंचातही ती मांडता येते. मी तिथूनच सरांना, म्हणजे आमच्या मालकांना, फोन लावला.

“मला आठवत नाही असा फोन,” सर म्हणाले. “चार्ज घे अन् ये.”

मी मुखेडकडचा, घरातला पहिला ग्रॅज्युएट. इंग्रजी ऐकलं की मला घाम फुटायचा, तरी सरांनी मला कामावर घेतलं होतं. त्यांच्यापुढं बोलायची माझी हिंमत नव्हती. मी रिसीव्हर ठेवला.

“मॅडम, वॉरंटीतल्या त्या पहिल्या फोनवर तुम्ही नेमकं काय म्हणाला होतात?”

“जे होतं तेच. ‘सर, लातूरहून बोलतेय. हालून राहिलंय! लई हालून राहिलंय!’ तर पलीकडं धाडकन कायतरी पडलं. कुणी ओरडलं, ‘पळाऽ!’ मी हॅलो हॅलो करत बसले.”

माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. कारण पळणाऱ्यांत मीही होतो.

त्या दिवशी सर रिसीव्हर टाकून “लातूर हाललं, पळा!” असं ओरडत दुकानाबाहेर सुटले होते. त्यांच्यामागं मी, हातात गरम सोल्डरिंग आयर्न. आम्हाला पाहून समोरचा शिंपी पळाला, गळ्यात टेप. शेजारच्या सलूनमधून एक वकीलसाहेब अर्ध्या दाढीनं रस्त्यावर आले. दुकानांची सगळी लाइन भर उन्हात जमिनीकडं बघत उभी. जमीन ढिम्म. “हलका धक्का होता, तुम्हाला जाणवला नसेल,” सर म्हणाले. पुढं कितीतरी दिवस बाजार त्यांना विचारायचा, “शेठ, आज हाललं का?” फोन कुणाचा होता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा मॅडम ओढणी तोंडावर धरून हसायला लागल्या. सुनीता टेबलावर डोकं टेकून हसत होती.

“म्हंजे,” व्यंकटराव म्हणाले, “मॅडम लातुरात बोलल्या अन् नांदेड पळालं?”

“हाव, काका.”

ते पोट धरून हसले आणि हसता हसता आत येऊन खुर्चीवर बसले. आपण आत आलोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. त्यांना पाहून मला धीर आला. मी पुन्हा फोन लावला.

“सर, तक्रार वॉरंटीतलीच आहे. साक्षीदार आहेत.”

“कोण?”

“अख्खी लाइन. वकीलसाहेब अर्ध्या दाढीनं उभे होते, तो दिवस.”

सर खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडमला सांगितलंस?”

“सांगितलं, सर.”

“हसल्या?”

“अजून हसून राहिल्यात.”

“फुकट करून दे बाबा. अन् बाजारात बोलू नको.”

बॅगेतला नवा कपॅसिटर लावला, मॉनिटर चालू केला. अक्षरं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी राहिली. व्यंकटरावांनी पुन्हा पाण्याचा गिलास मागवला. या वेळी मी तो लांब खिडकीत ठेवायला लावला. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, परत पाण्याकडं पाहिलं.

“दोन्ही गप हायत,” ते म्हणाले. “सुनीता, बस तू.”

तेव्हापासून प्रत्येक ग्राहकाला मी एकच सांगतो. तक्रार वॉरंटी संपायच्या आत करा आणि लेखी करा. लेखी जमलंच नाही, तर निदान अशी करा की ऐकून अख्खा बाजार रस्त्यावर आला पाहिजे.