चौकी प्रतिसाद देत नाही

माझा फोन वाजला की समजायचं, कुठंतरी काहीतरी बंद पडलंय. सांगलीत हळद आणि बेदाणा ठेवायचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथले सगळे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात आहेत. सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा मी त्या इमारतीत आहे की नाही, हेसुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही. "मॅडम, नेट गेलं!" अशी हाक आली की मी जाते. बहुतेक वेळा भिंतीवरच्या बोर्डातून पिन निघालेली असते आणि तिथं कुणाचा तरी मोबाईल चार्जिंगला लावलेला असतो. मी पिन परत लावते, "आलं, आलं" म्हणून सगळे आपापल्या स्क्रीनकडं वळतात, आणि मी निघाले तरी कुणी मान वर करत नाही. एकदा मी चिडून तो चार्जरच पर्समध्ये टाकून घेऊन आले. दोन दिवस त्यांची शोधाशोध चालली होती. मला फार बरं वाटलं.

घरी तर फोन वाजायला तेवढंही कारण नाही. लग्न मोडल्यावर मी पुण्याहून सांगलीला आले आणि नदीपासून फार लांब नाही अशा एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला लागले. गावी गेले नाही. गावी गेलं की चुलत्या विचारणार, मावश्या विचारणार, वाटेत भेटलेली कुणीही विचारणार. सांगलीत कुणी काही विचारत नाही. सुरुवातीला त्याचंच सुख वाटायचं. पुढं तेच अंगावर यायला लागलं.

मग मी घरात सर्व्हर उभा केला. सर्व्हर म्हणजे काही मोठं कपाट नव्हे. ऑफिसातून भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर आणला, त्यातलं होतं नव्हतं ते पुसून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, आणि माझे फोटो, गाणी, कागदपत्रं सगळं त्याच्या पोटात भरलं. लिनक्स मला आवडतं, कारण ते उगाच बोलत नाही. सांगितलेलं काम झालं की "झालं हो" असं सांगायलाही येत नाही, गुपचूप पुढच्या ओळीवर येऊन थांबतं. काही बिघडलं तरच तोंड उघडतं. अगदी आमच्या घराण्यातलं वाटतं.

त्यानंतर एका पावसाळ्यात नदी आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढून आली. लोक गाद्या, टीव्ही, धान्याचे डबे गच्चीवर नेत होते आणि मी चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर तान्ह्या मुलासारखा कवटाळून वर बसले होते. पाणी उतरल्यावर ठरवलं, आपल्या सगळ्या ऐवजाची एक नक्कल सांगलीबाहेर पाहिजे. सांगलीबाहेर माझं म्हणावं असं एकच ठिकाण होतं, पलूसच्या पुढं, कॅनॉलच्या वरच्या अंगाला असलेलं आबांचं घर.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून एकटेच राहतात. लष्करात त्यांनी उभी नोकरी टेलिफोनच्या तारा ओढण्यात आणि त्या चालू ठेवण्यात घालवली. त्यामुळं फोन म्हणजे कामाची वस्तू, हे त्यांच्या हाडात बसलंय. लाइनीवर कामाचं तेवढं बोलायचं आणि लाइन मोकळी करायची. "कशी आहेस, काय चाललंय" असं विचारायला त्यांनी मला आयुष्यात फोन केला नाही. माझं लग्न मोडलं तेव्हासुद्धा त्यांचा फोन आला तो फक्त, "सामान आणायला ट्रॉली पाठवू का?" एवढं विचारायला. समोर बसले तरी फार बोलतात असं नाही. आणि मी त्यांचीच लेक. आमच्या दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं.

नक्कल ठेवायला एक छोटा डबा तयार करून तो घेऊन गेले तेव्हा त्यांनी बरीच चौकशी केली. जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर त्यांनी हातात घेऊन खालून वरून बघितला. पुढच्या बाजूला एक बटण आणि एक हिरवा दिवा. मी सांगितलं, "आबा, ह्याला कायम चालू ठेवायचं. वायर ओढायची न्हाई. कवा बंद करायचाच झाला तर हे बटण एकदा दाबायचं, दिवा जाईल. परत दाबलं की येईल. बंद पडला तर मला सांगलीत कळतंय, पण तिथनं चालू करता येत न्हाई. ते तुमाला करायला लागंल."

"म्हंजे चौकी हाय ही," आबा म्हणाले. "तू हेडक्वार्टर."

मी त्या डब्याचं नाव खरंच चौकी ठेवलं. माझ्या घरच्या सर्व्हरवर एक पान आहे, त्यावर माझी यंत्रं ओळीनं दिसतात, चालू असलं तर हिरवा ठिपका, बंद पडलं तर लाल. लाल झालं की फोनवर निरोप येतो. आबांनी डबा रेडिओशेजारी फळीवर ठेवला, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला आणि विचारलं, "ऑफिसात काम कसं असतंय तुझं?" त्यांनी असं विचारणं मोठंच होतं. मी काहीतरी लांबलचक सांगायला हवं होतं. पण मी आपली नेहमीची कुरकुर केली, "काय असणार? काही बिघडल्याबिगर माझा फोन वाजत न्हाई." आबांनी मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेले.

मग चौकी बंद पडायला लागली.

पहिल्यांदा निरोप आला तेव्हा मी कामावरून येऊन नुकती टेकले होते. फोन लावला. आबांनी लगेच उचलला. "लाइट गेलती वाटतं," ते म्हणाले. "थांब, दाबतो." जरा वेळ शांत. "आला का हिरवा?" "आला." मला वाटलं आता ठेवतील, पण ते म्हणाले, "जेवलीस का?" मी म्हटलं, अजून नाही. "काय करणार?" "पिठलं." "कर कर. आज कॅनॉलला पाणी सोडलंय. ठेवतो."

पुढच्या आठवड्यात परत तेच. मग आठवड्यातून दोनदा. दर वेळी लाइट गेलेली, दर वेळी बटण, दर वेळी हिरवा, आणि त्यानंतर चार वाक्यं. उसाला तोड आली नाही. मांजराला पिल्लं झाली. तुझ्या शाळेतल्या बाई बाजारात दिसल्या, काठी घेऊन चालत होत्या. मी ह्या टोकाला भाजी चिरत ऐकायची. लॉग, म्हणजे डबा कधी आणि कशानं बंद पडला त्याची नोंद, उघडून बघितला असता तर खरं कारण कधीच कळलं असतं. पण दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनींचे लॉग वाचून घरी आल्यावर आपल्याच डब्याचा लॉग उघडायचा मला भयंकर कंटाळा. गावाकडं लाइट जाते, त्यात बघायचं काय? मी सरळ एक यूपीएस विकत घेतला. लाइट गेली तरी त्याच्या बॅटरीवर डबा चालू राहील, आबांची कटकट वाचेल, असा माझा हिशेब.

रविवारी दुपारी न कळवताच गेले. उसाची ट्रॉली बोळाच्या तोंडाशी आडवी लावलेली, म्हणून स्कूटर रस्त्यावर ठेवून चालत आले. खिडकीतून आबा दिसले. इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले. मी हाक मारणार, तेवढ्यात ते फळीपाशी गेले, बोटानं बटण दाबलं, दिवा विझेपर्यंत उभे राहिले. मग खुर्ची ओढून समोर बसले, बटणांचा फोन मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिले. एकदा कॉलर सारखी केली.

थोड्या वेळानं माझ्या पर्समधला फोन थरथरला. चौकी प्रतिसाद देत नाही.

मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. काही बिघडल्याबिगर माझा फोन वाजत नाही, असं मीच म्हटलं होतं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं होतं, आणि माझ्याशी बोलायला मिळावं म्हणून बिघाड करत होते. तोही शिस्तीत, वायर न ओढता.

मी पाय न वाजवता मागं फिरले, ट्रॉलीच्या आडोशाला गेले आणि फोन लावला.

"आबा, चौकी बंद पडली."

"व्हय का? लाइट गेलती वाटतं." बोळात गिरणी धडधडत होती, पिठाचा भपकारा माझ्यापर्यंत येत होता. लाइट ठणठणीत होती. "थांब, दाबतो. आला का हिरवा?"

"आला, आबा."

"जेवलीस का?"

"जेवले. तुमी?"

"मी बी. आज रविवार न्हवं, निवांत असशील." मग जरा थांबून, "ठेवतो."

सांगलीहून यायला जेवढा वेळ लागतो तेवढा मी कॅनॉलच्या कट्ट्यावर बसून काढला आणि मग स्कूटरचा हॉर्न वाजवत घरी गेले. आबा बाहेर आले. "आगं, मगाशीच तर बोललो आपण! सांगायचं न्हाईस व्हय?" यूपीएसची पिशवी बघून म्हणाले, "ह्यात काय हाय?"

"ऑफिसचं सामान हाय. म्हटलं, डबा सारखा का बंद पडतोय ते बघावं."

मी डबा उघडला, धूळ फुंकली, उगाच दोन स्क्रू पिळले. ते शेजारी ताठ उभे होते, शाळेतलं पोर तपासणीला उभं राहतं तसे. मी झाकण लावलं आणि म्हटलं, "जुना झालाय, आबा. अधनंमधनं बंद पडणारच. त्याला इलाज न्हाई."

"पडू दे की मग," आबा एकदम मोकळं होऊन म्हणाले. "मी हाय न्हवं चालू करायला!"

यूपीएस माझ्याच घरी आला. तो अजून तसाच खोक्यात आहे.

त्यानंतरची काही वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं होती, असं आता वाटतं. दिवसभर माझ्या फोनवर जे निरोप येतात त्यांतला प्रत्येक मला शिव्या द्यायला लावतो. त्या एकाच निरोपाची मी वाट बघायची. लाल ठिपका दिसला की मी आधी चहा टाकायची, मग फोन लावायची. आमच्या चार वाक्यांची कधीकधी दहा व्हायची. दोन माणसं एकमेकांना खोटं सांगतात आणि दोघांचं त्यावर चाललेलं असतं, असं ते होतं. माझं तर सगळं त्यावरच चाललेलं होतं. ते नसतं तर आठवडेच्या आठवडे मी "पिन लावा" सोडून कुणाशी काही बोलले नसते.

गेल्या वर्षी मी विचारलं, "आबा, बीपीची गोळी घेतली का?" तर उत्तर आलं, "हां, दाबलं बटण." मला वाटलं लाइन खराब असेल. पुढच्या खेपेला मी म्हटलं, थंडी फार पडलीय. ते म्हणाले, "मी बी जेवलो." तेव्हा लक्षात आलं. आबांना फोनवरचं काही ऐकू येत नव्हतं. फोन वाजल्याचं ते पडद्यावरच्या उजेडावरून ओळखायचे, उचलायचे, आणि आपली वाक्यं ठरलेल्या क्रमानं म्हणायचे. मधे माझ्या बोलण्यापुरती जागा सोडायचे. ती जागा इतकी बरोबर सोडायचे की मी बरेच दिवस फसले होते.

मी त्यांना कानाचं मशीन करून दिलं. ते डबीत आहे. "शिट्टी मारतंय कानात," म्हणतात. समोर बसून मोठ्यानं बोललं की त्यांना कळतं, पण समोर बसून बोलायचं आम्हाला कुठं जमतं? आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मला कळलंय हे मी त्यांना सांगितलं नाही. चौकी बंद पडते. मी फोन लावते. ते विचारतात, मी उत्तर देते, आणि ते उत्तर कुठंच पोचत नाही. त्यांच्यापर्यंत माझं एवढंच पोचतं की फोन आला.

परवा दिवाळीची सुट्टी होती. भाऊबीज झालेली, भाऊ मला नाही. कोल्ड स्टोरेज बंद, सगळे ठिपके हिरवे. इमारतीतली बरीच घरं कुलूप लावून गावी गेलेली. सकाळपासून मी एक शब्द बोलले नव्हते. आपला आवाज बघावा म्हणून एकदा खाकरलेसुद्धा. संध्याकाळी ठिपका लाल झाला. मी चहासुद्धा टाकला नाही.

"हां, बोल," आबा म्हणाले. "बंद पडला व्हय? लाइट गेलती वाटतं. थांब, दाबतो." आणि माझ्यासाठी जागा सोडली.

मी त्या जागेत बोलले. ऐकू जाणार नाही हे माहीत होतं म्हणूनच बोलता आलं. "आबा, मला इथं करमत न्हाई. लय एकटं वाटतंय. कवापासनं वाटतंय. मी घरी येऊ का तुमच्याजवळ राहायला? तुमी एकदा ये म्हणा, मी येते. लोकांनी काय इचारलं तर इचारू दे."

पलीकडं शांत होतं, नेहमी असतं तेवढंच.

"आला का हिरवा?"

मी बघितलं. ठिपका हिरवा झाला होता.

"आला, आबा."

"जेवलीस का?" परत जागा. मी काही बोलले नाही. "मी बी जेवलो. आज थंडी हाय. ठेवतो."

ठेवतो म्हणाले, पण फोन ठेवला नाही. लाल बटण दाबल्याचा आवाज आला नाही, त्यांचा श्वास येत होता. ज्या फोनमधून त्यांना काहीच ऐकू येत नाही तो फोन आबा तसाच कानाला धरून बसले होते. मीही ठेवला नाही.