घोड्याच्या घरातलं प्यादं

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते भिवापूरच्या शाळेतल्या गणिताच्या गुरुजींचे. मिरचीच्या तोडणीत आमची शाळा अर्धी रिकामी व्हायची, तेव्हा ते घरोघर हिंडून पोरं परत आणत. माझ्या वडिलांना त्यांनी अंगणात उभ्या-उभ्या सांगितलं, "पोराले पुढं शिकू द्या जी." आमच्या घरात माझ्याआधी सातवीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. बुद्धिबळही मला त्यांनीच शिकवलं, शाळेच्या ओट्यावर. प्यादं एकेक घर चालतं, आणि पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलं की ते घर ज्याचं, तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. आमच्याकडं सगळे असंच खेळत.

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास मी नागपूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. कॉलेजच्या बुद्धिबळ संघात चौघं घ्यायचे होते, तिघं ठरले होते. चौथी जागा मला हवी होती. कॉलेजात मला काही येतं असं कोणाला वाटत असेल, तर ते एवढ्याच खेळात. सरांनी निवड कप्तानावर सोपवली होती. कप्तान माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावरचा. शनिवारी संध्याकाळी त्यानं मला धरमपेठेत आपल्या घरी बोलावलं. समोर खेळणारा वर्गातलाच दुसरा मित्र. तो आदल्या वर्षी संघात होता, म्हणून बरोबरी झाली तर जागा त्याची, हे आधीच ठरलं. तिसरा एक मित्र नुसता बघायला आला होता. मारलेली मोहरी सांभाळायचं काम त्यानं घेतलं.

"तुमचे गावठी नियम इथे चालायचे नाहीत हं," कप्तान म्हणाला. मग त्यानं पट पुढं ओढून मला नीट समजावलं. पहिल्या चालीला प्यादं दोन घरं जाऊ शकतं. आमच्याकडं राजाला एकदा घोड्यासारखी उडी मिळे, ती इथं नाही; त्याऐवजी किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचे. तो कसा करायचा, हे त्यानं दोनदा करून दाखवलं.

"अजून काही हाय का?" मी विचारलं.

"बस, एवढंच."

मला त्याचं फार बरं वाटलं. दुसऱ्या कोणी एवढं सांगितलं नसतं.

डाव लांबला. मधे चिवडा आला, चहा आला. मोहरी मरत गेली आणि शेवटी दोघांकडं राजा आणि एकेक प्यादं उरलं. माझं प्यादं पुढं होतं. ते घोड्याच्या घरात पोचलं तेव्हा बघणाऱ्या मित्रानं तळहातावरून वजीर उचललासुद्धा होता.

"घोडा दे न गा," मी म्हणालो.

त्याचा हात थांबला. समोरच्यानं कप्तानाकडं पाहिलं. कप्तान माझ्याकडं पाहत होता.

"घोडाच ना? नक्की?"

"हो. घोड्याचंच घर हाय."

"दे रे त्याला घोडा," कप्तान म्हणाला.

त्या घोड्यानं मी समोरचं प्यादं अडवलं आणि मारलंही. पण एकट्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत सुटला. जागा गेली. तरी वाईट खेळलो असं मला वाटत नव्हतं. मी समोरच्याचा हात हातात घेतला. तेवढ्यात तिघंही हसायला लागले.

"अरे, वजीर का नाही घेतलास?" बघणारा म्हणाला. "प्यादं पोचलं की हवं ते मागायचं असतं. रेशनवरची ती लाल मिलो ज्वारी आहे का, जे पदरात पडेल ते मुकाट न्यायला?"

मी कप्तानाला विचारलं, "मंग तू मले सांगितलं काहून नाही?"

"मी विचारलं होतं की, नक्की का म्हणून."

"म्या आधी विचारलं होतं, अजून काही हाय का."

"हे बघ, चालू डावात कोणाला सांगायचं नसतं," तो म्हणाला आणि पट आवरू लागला. "चिवडा घे ना, उरलाय."

मी चिवडा घेतला. निघताना त्याच्या आईला नमस्कार केला आणि चहा छान झाला होता असंही म्हणालो. खोलीवर आलो आणि गुरुजींना लिहिलं:

तीर्थस्वरूप गुरुजींना शिरसाष्टांग नमस्कार.

संघात माझी निवड झाली नाही. डाव बरोबरीत सुटला. इथल्या नियमात प्यादं शेवटच्या ओळीत गेलं की पाहिजे ते मोहरं होतं, वजीरसुद्धा. ते घर कोणाचं, हे कोणी बघत नाही. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी घोडा मागून घेतला. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर तुम्ही आम्हाला सांगितलंच असतं. ज्यांना माहीत होतं ते माझ्या समोर बसले होते. आता ओट्यावर जी पोरं असतील त्यांना हा नियम शिकवावा.

मागच्या पत्रात इथं तीन चांगले मित्र मिळाले असं लिहिलं होतं. ते वाक्य कृपया खोडून टाकावं.

आपला विद्यार्थी