हनुवटीवरचे खुंट

काल माझ्या स्टुडिओत बसून किरण काजळाच्या पेन्सिलीनं मी छापलेल्या फोटोतल्या आपल्या हनुवटीवर एकेक टिंब काढत होती की होता, हे मला आता ठरवायचंच नाही. फोटो आम्ही दोघांनी मिळून ठरवला होता: झब्बा, काजळ, हनुवटीवर दाढीचे खुंट. छापण्याआधी कॉम्प्युटरवर मात्र माझ्या हातानं सवयीनं खुंट पुसले. डोळ्यांत काजळ दिसलं की चेहरा गुळगुळीत करायचा, हे अंगवळणी पडलेलं. अशी किती जणींची ओठांवरची लव मी पुसली असेल!

"दुसरा छापून देतो," मी पुटपुटलो.

"नको काका." किरणनं फोटो माझ्यापुढे धरला. "बघा ना, बरोबर झालंय का?"

मला विचारलं. खुंट पुसताना मी विचारलं नव्हतं.