समुद्रावरून दिसणारं माझं ऑफिस

पालघरची नवी ऑफिसची इमारत चांगली की वाईट? सकाळपासून तुम्ही ग्रुपवर मतं मागताय. मी त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर काम करते, तरी मला सांगता येत नाही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. इथे नोकरी लागली तेव्हा वाटलं, आपण कुठेतरी पोचलो. तीन महिने झाले, डबा अजून एकटीच खाते.

आजही तसाच खाताना सातपाटीला बाबांना फोन लावला. ते मासेमारी करतात. विचारलं, "बाबा, आमची इमारत तुम्हाला कशी वाटते?"

"पयले आमी टेकडीवरची टाकी बगून बोट घराकडं वळवायचो. ती तुज्या इमारतीमागं गेली. आता संध्याकाळी तुमची काच चमकते, तीच बगून वळवतो." मग हळूच म्हणाले, "तुला पण बगतो. तू नाय दिसत."

"मी पलीकडे, स्टेशनकडच्या बाजूला बसते, बाबा."

"मग कशी दिसशील?"

समुद्राकडच्या खिडकीजवळची जागा रिकामीच असते. दुपारनंतर तिथे ऊन येतं. साहेबांना विचारून मी टेबल ओढायला लागले, तशी शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "काय गं सातपाटीकर, बोंबलासारखी वाळायला चाललीस?" सगळे हसले. मीही हसले.

इतक्या लांबून माणूस दिसत नाही, हे बाबांनाही माहीत आहे.

ही पोस्ट त्या खिडकीत बसून लिहिली आहे. डोळ्यांवर ऊन येतंय.