मास्तरांच्या लग्नाला एक हरकत

उत्रोलीत मिशनचं प्रार्थनाघर आहे आणि त्याच्या भिंतीला लागून माझं घर. त्यामुळे ख्रिस्ती न होताही त्यांची निम्मी प्रार्थना मला तोंडपाठ झाली आहे. उरलेली निम्मी येत नाही, कारण तोवर माझा डोळा लागतो.

त्या प्रार्थनाघराचे उपदेशक म्हणजे आमचे सावळाराम मास्तर. पाद्रीसाहेब पुण्याचे, महिन्यातून एखादी फेरी मारणार; बाकीचे रविवार मास्तरांचे. अंगानं काटकुळे, पण अंगातला कोट कुण्या धष्टपुष्ट साहेबाचा उतरलेला, त्यामुळे वारा सुटला की मास्तर आधी येतात की कोट, हे सांगता यायचं नाही. दिवसा पोरांना बाराखडी शिकवायची, संध्याकाळी बायाबापड्यांना शास्त्र वाचून दाखवायचं, कुणी तापानं फणफणला तर जात न विचारता उशाशी बसायचं, असा त्यांचा क्रम. प्रार्थनाघरात एक मेज, मेजावर शास्त्र आणि कोऱ्या भिंती.

मी एकदा खोडी काढली. “मास्तर, एक समई तरी लावा की. देवाला दिसायचं कसं?”

“गेनबा, समई आपल्याला लागते. त्याला दिसतंय,” मास्तर हसत म्हणाले. माणूस गोड, पण पटलेल्या गोष्टीवरून तसूभर हलणार नाही.

बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती. चौतीस साली मात्र मास्तर रोज दाढी करू लागले, तेव्हाच मी ओळखलं. भोरला शिवणकाम शिकवणाऱ्या एक मडमबाई होत्या. त्यांच्याकडे स्वयंपाकाला फुलाबाई असायची. वेल्ह्याकडच्या पासली गावची, विधवा, बाप्तिस्मा घेतलेली, हाताला चव आणि जिभेला धार. दर रविवारी ती चालत उत्रोलीला यायची. मास्तरांचा उपदेश ती एकटीच शेवटपर्यंत जागी राहून ऐकायची. लग्न ठरायला आणखी काय लागतं?

पण घाई होती. मडमबाईंची नगरला बदली झालेली. फुलाबाईचं लग्न झालं तर ठीक, नाहीतर ती त्यांच्याबरोबर जाणार. आणि पावसाळा लागला की पाद्रीसाहेबांची फेरी थेट दिवाळीनंतर. म्हणजे जूनच्या आधीच्या शेवटच्या फेरीत लग्न लागलं तरच.

आता त्यांची रीत अशी, की लग्नाआधी तीन रविवार भर प्रार्थनेत पुकार करायचा: अमका आणि तमकी यांचं लग्न ठरलं आहे, कुणाला हरकत असेल तर सांगा. पुकार करणारे मास्तर आणि नवरदेवही मास्तरच! पहिल्या रविवारी स्वतःचं नाव परक्याचं असल्यासारखं वाचताना त्यांचे कान लाल झाले. प्रार्थनाघराच्या ओसरीवर बसून आम्ही गावकरी ऐकत होतो. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा सगळे गप्प.

उठता उठता गावातले वडीलधारे रखमाजीआबा मला म्हणाले, “गेनबा, हे बरं न्हाई. मास्तर दोनदा इचारतोय आन् गावात एक माणूस तोंड उघडंना. सोयरीक म्हणल्यावर चार माणसांनी चार गोष्टी काढाव्या लागत्यात. त्याला काय वाटंल? आपलं कुणी न्हाईच?”

मला वाटलं, म्हातारा आपला बोलतोय. पण आबांनी आठवडाभर विचार केला होता. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी विचारलं आणि आबा पागोटं सावरत उभे राहिले.

“हाय. आमची एक हरकत हाय.”

आतल्या बायांनी मागं वळून पाहिलं. मास्तरांनी पुस्तकातून मान वर केली.

“मास्तर माणूस सोन्यावानी,” आबा म्हणाले. “पर आमच्याकडं जेवाया बसला तवा ताटावर अशी लांब परार्थना क्येली, की कालवण गार, भाकरी वातड. बाईमाणसानं चुलीम्होरं जीव जाळायचा आन् रोज गारढोण खायाचं? ह्याचा इचार व्हावा.”

ओसरीवर हशा पिकला. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं. “हरकत आली आहे. पाद्रीसाहेब येऊन निवाडा देईपर्यंत लग्न थांबलं.”

दुपारी मी त्यांना गाठलं. “अवो, ही काय हरकत झाली? टाका मोडीत!”

“मीच नवरा आणि मीच पंच? माझ्या लग्नाचा निवाडा मी कसा करू, गेनबा?”

मग आबांकडे गेलो. म्हणालो, “आबा, लगीन मोडतंय तुमच्यापायी. बोललेलं मागं घ्या.”

“आमी तर मान राखाया बोललो,” आबा घाबरे झाले. पण लगेच ताठ. “खोटं बोललो व्हय? मग मागं कसं घिऊ?”

तिकडे भोरला मडमबाईंच्या ट्रंका भरायला लागल्या होत्या.

पाद्रीसाहेब आले. प्रार्थना झाल्यावर त्यांनी आबांना पुढं बोलावून सगळं ऐकून घेतलं. खोकल्याचं निमित्त करून थोडं हसून घेतलं आणि म्हणाले, “नातं जवळचं असेल, आधीचा जोडीदार हयात असेल, तर लग्न अडतं. गार कालवणानं अडत नाही.”

मला वाटलं, सुटलं. पण आमचे मास्तर! “साहेब, नियमात बसत नसेल, पण आबा बोलले ते खरं आहे. मी आभार मानायला लागलो की मला भान राहत नाही. आणि ते मी सोडणार नाही. बाईंना हे चालतंय का, तेवढं विचारा.”

म्हणजे साहेबांनी अडकलेलं लग्न सोडवून दिलं, तर या गृहस्थानं ते उचलून फुलाबाईच्या पदरात टाकलं! आता ती ‘न्हाई’ म्हणाली असती तर?

फुलाबाई उठली. तिनं पाद्रीसाहेबांकडे पाहिलंच नाही, सरळ मास्तरांना म्हणाली, “भाकरी आदी थापायची, असं कुणी सांगितलं वो तुमाला? परार्थना आदी. तुमची करा सावकाश. आमेन ऐकू आलं की म्या तव्यावर टाकीन. कालवण चुलीच्या वैलावर ऊन ऱ्हाईल.”

रखमाजीआबा मान डोलवत राहिले. “असं व्हय? मंग आमची हरकत न्हाई.”

नवरा-नवरी तिथल्या तिथंच लग्नाला उभी राहिली. पण पाद्रीसाहेबांच्या पुस्तकात लग्न लावतानाही तोच प्रश्न एकदा असतो. त्यांनी वाचलं, “कुणाला हरकत असेल तर...” आणि सगळी ओसरी आबांकडे वळली. आबा पागोट्याला हात लावतात न लावतात, तोच नवरी पदर खोचून म्हणाली,

“कुणाची न्हाई! वाचा पुढं, साहेब.”

साहेबांनी मुकाट्यानं पुढं वाचलं.