आईच्या भुतांमागे मी पोलीस लावले

भुताला मी कधी भ्याले नाही. मला भीती वाटते ती फोनची. भल्या पहाटे फोन वाजला की मी दचकून उठून बसते, आणि दोन वर्षांपूर्वी बाबा गेल्यापासून तर फोन नाही वाजला तरी बसते. बाबा दळण आणायला चक्कीवर गेले आणि तिथंच बाकड्यावर बसल्या बसल्या संपले. तेव्हापासून आई अकोल्यात एकटी आणि मी अमरावतीत. मी शाळेत शिकवते, मला हलता येत नाही. आईला हलायचंच नाही. "माह्या घरात मले काय वाघ खाते का?" हे तिचं ठरलेलं उत्तर.

आईबाबा दोघंही भयकथांचे वेडे, आणि त्यातही एकाच लेखकाचे. लेखक आपल्याच वऱ्हाडातला. त्याचं भूत कधी मेळघाटच्या धुक्यात उभं, तर कधी बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमध्ये. पुस्तक आलं की आधी बाबा वाचत, मग आई, आणि मग चार दिवस सकाळच्या चहाला शेवटावरून भांडण. वाचनालयात आईच्या शब्दाला वजन होतं. "काकू, हे नेऊ का?" असं विचारून लोक पुस्तक उचलत. तिनं नाक मुरडलं की ते पुस्तक कपाटातच राही.

बाबा गेल्यावर शुगरनं आईच्या डोळ्यांचे पडदे खराब केले. माणूस ओळखू येतं, अक्षर दिसत नाही. वाचनालयात जाणं सुटलं. महिन्याभरानं ती मलाच म्हणाली, "तू वाच न् वं. मोबाइलवर आवाज पाठव, मी आयकीन." तेव्हापासून रोज संध्याकाळी कुकर लावून झाला की मी पंधरा-वीस मिनिटं वाचायचे आणि ते रेकॉर्डिंग अकोल्याला पाठवायचे.

पहिल्याच पुस्तकात घात झाला. मेलेली सासू रोज सुनेच्या पायथ्याशी येऊन बसते असा प्रसंग होता. वाचता वाचता मला ते घर दिसलं. चार खोल्या, त्यात एकटी आई, उशाशी बीपीची गोळी, मागच्या दाराची ती खिळखिळी कडी. मी पुस्तक मिटलं आणि मनानंच सांगून टाकलं की ती सासू नव्हतीच, लुगडं नेसलेला चोर होता, आणि पोलिसांनी त्याला धरला. एक खोटं पचलं की दुसऱ्याला कष्ट पडत नाहीत. पुढच्या प्रत्येक पुस्तकात भूत निघालं की मी घाईघाईनं पोलीस बोलवायचे. सुखानं झोपत असेल बिचारी, असं मला वाटायचं. झोपायचे मी.

आईला मात्र लेखकाची काळजी लागली. "काय बिघडलं वं त्या बाप्याचं?" ती फोनवर विचारायची. "पयले कसा लिहे! अंगावर काटा येये. आता जवा पाहावं तवा पोलीस. बुढा झाला वाटते." शेजारच्या चाचीही तिच्यासोबत ऐकायच्या. त्या उर्दू शाळेत शिकलेल्या, मराठी फाडफाड बोलतात, पण वाचता येत नाही. "भूत को भी अरेस्ट करते क्या कोई?" असं त्यांचं मत मागून ऐकू यायचं. मी "हो ना" म्हणायचे आणि विषय बदलायचे. माझ्यापायी त्या भल्या लेखकाची अकोल्यात अब्रू चालली होती.

मग त्याच्या एका कादंबरीवर मालिका आली. मोबाइलवर, टीव्हीवर, जिथं पाहावं तिथं तिची चर्चा. चिखलदऱ्याच्या घाटात जीप दरीत जाऊन मेलेल्या ड्रायव्हरची ती गोष्ट. दर गुरुवारी संध्याकाळी त्याच्या बायकोला दारात जीपचा हॉर्न ऐकू येतो. माझ्या वाचनात तो हॉर्न धाकटा दीर वाजवत होता, वहिनीनं भिऊन घर विकावं म्हणून, आणि शेवटी पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या. चाचींच्या सुनेनं ती मालिका टीव्हीवर लावली, आईनं बसून सगळी ऐकली आणि मला फोन केला. रागानं नुसती फणफणत होती.

"वाटोळं केलं वं पुस्तकाचं! हा मांत्रिक कुठून आणला? दिराले पकडतेत ना शेवटी?"

"हो," मी म्हणाले. काय करू? तोंडातून निघून गेलं.

"रविवारी वाचनालयात चर्चा हाये, पुस्तक चांगलं का मालिका चांगली. मी जाणार हाये. अशी बोलतो, पाह्य तू."

ऊन फार आहे, चक्कर येईल, असं सगळं सांगून पाहिलं. खरं तेवढं सांगितलं नाही. चार दिवस जेवण गोड लागलं नाही. रविवारी पहिली एसटी धरली. मूर्तिजापूरपर्यंत एक वाक्य जुळवलं, मूर्तिजापूरनंतर ते मोडून दुसरं जुळवलं. घरी पोचले तर आई कडक इस्तरीची साडी नेसून तयार, चाची बुरखा सावरत तयार. दोन वर्षांत आई इतकी खुशीत दिसली नव्हती.

"आई, एक सांगायचं होतं."

"मंग सांग. ऑटो उभा हाये."

वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन कुलर घरघरत होते आणि पंचवीस-तीस माणसं जमली होती. एक निवृत्त गुरुजी म्हणाले, पुस्तकात हॉर्न आपल्या मनात वाजतो, मालिकेत नुसता धडामधुडूम, त्यानं भीती वाटत नाही, कान दुखतात. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, धुकं मात्र काय दाखवलंय, पांघरूण घेऊन पाहावं लागलं! पण मांत्रिकानं त्या ड्रायव्हरला जाळून टाकलं ते तिला आवडलं नव्हतं. पुस्तकात शेवटी तो ड्रायव्हर दार वाजवतो आणि बायको दार उघडते, तेच तर पुस्तक आहे, तेच यांनी काढून टाकलं. दुसरा कोणी म्हणाला, लोकांना मांत्रिक लागतो, त्याशिवाय कोण पाहणार? मी घड्याळाकडे बघत होते. वेळ संपावी, लाइट जावी, काहीही व्हावं. आईनं हात वर केला.

"मालिका त बंडलच हाये," ती उभी राहून म्हणाली, "पण तुमी बी काय सांगून राहिले? दार कायचं उघडते? हॉर्न तं दीर वाजवते. पोलीस पकडतेत त्याले."

ग्रंथपालांनी हसून विचारलं, "काकू, दुसऱ्या एखाद्या पुस्तकाबद्दल बोलताय का?" मागं कोणीतरी खुसखुसलं. गुरुजी हळूच म्हणाले, "वय झालं की होतं असं." हळूच म्हणाले, पण आईचे कान शाबूत आहेत.

"माह्या लेकीनं वाचलं हाये, अक्षर न् अक्षर," आई म्हणाली. "शाळेत शिकवते ते. इचारा तिले."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लपवत नाही, 'आई विसरते हल्ली' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. तीनच शब्द, आणि मी सुटले असते. आई माझ्याकडे बघत होती. तिला माझा चेहरा नीट दिसत नव्हता, तरी बघत होती, खात्रीनं.

"आईचं काही चुकलं नाही," मी म्हणाले. "मी तसंच वाचलं. पुस्तकात पोलीस नाहीत. दीरही नाही. मीच घातले."

"मैं बोलती थी ना!" चाची ओरडल्या आणि सगळा हॉल हसला. आई हसली नाही. खुर्चीचा हात चाचपत खाली बसली.

घरी येऊन ती माठातलं पाणी प्याली आणि दिवाणावर बसली.

"किती पुस्तकं?"

"अकरा."

"सगळ्याइत?"

"सगळ्यात." मग मला राहवलं नाही. "तू एकटी असतेस गं. मला झोप येत नाही तुझ्या काळजीनं. तुला भीती वाटेल म्हणून केलं."

"मले भेव वाटन का नाई, हे तू कोण ठरवणार? चार माणसांत येडी ठरली मी आज. येतो म्हणून गेले तुहे बाबा. पीठ चक्कीवाल्यानं आणून देल्लं. भुताच्या पुस्तकात गेलेलं माणूस वापस येते वं. बाकी कोणत्या पुस्तकात येते, सांग मले? अन् तू दर वक्ती त्याले पोलिसात देल्लं."

मला रडू आलं. ती काही समजूत काढायला उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आणलं का ते पुस्तक?" पुस्तक पिशवीतच होतं. मी तिच्याजवळ बसून शेवटचं प्रकरण उघडलं. दुपारचं ऊन खिडकीतून आत आलं होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. ड्रायव्हर दारात येतो, अंगावर धुक्याची ओल, आणि तो एवढंच म्हणतो की भूक लागली. तिथं मी थांबले.

"थांबली काहून? उघडू दे तिले दार."

तिनं दार उघडलं. पाट मांडला, भाकर वाढली, वरून तेल-तिखट वाढलं, आणि तो खाली मान घालून जेवला. मी वाचून संपवलं.

"पोटभर जेवला का?"

"जेवला."

"पुस्तकात हाये, का तुहं हाये?"

"पुस्तकात आहे, आई. शप्पथ."

तिनं हात पुढं केला. मी पुस्तक दिलं. तिनं ते खिडकीच्या उजेडात नेऊन डोळ्यांना लावलं, आणि एक अक्षर दिसत नसताना ते पान वरपासून खालपर्यंत तपासत राहिली.